पदवी, परीक्षा आणि शिक्षकाचा वेळ: उच्च शिक्षणातील सुधारणांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्ञानाधिष्ठित समाज म्हणजे काय? आधीचे समाज काय अज्ञानावर चालत होते?

अर्थातच नाही. शेती, धातुकाम, जहाजबांधणी यांना ज्ञान लागतच होते. फरक पडला तो कमाईच्या हिशेबात. जमीन, खनिजे आणि यंत्रे यांच्या बरोबरीने, पुढे त्यांच्याहून जास्त, पैसा शोध लावण्यातून, आखणीतून आणि माहिती हाताळण्यातून येऊ लागला. व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकर यांनी १९५९ साली ‘ज्ञान-कामगार’ ही कल्पना मांडली. १९६२ मध्ये अर्थशास्त्रज्ञ फ्रिट्झ माख्लुप यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय उत्पन्नात ज्ञाननिर्मितीचा वाटा किती, हे मोजून दाखवले. सन २००० मध्ये तर युरोपीय संघाने लिस्बनला ठरवूनच टाकले की दहा वर्षांत आपण जगातली सर्वांत स्पर्धाक्षम ज्ञानाधिष्ठित अर्थव्यवस्था व्हायचे. २०१० उजाडले आणि तसे काही झालेले दिसले नाही. असल्या घोषणांना मुदत घालू नये, एवढा धडा तरी मिळाला.

विद्यापीठांपुरता याचा अर्थ सरळ आहे. शतकानुशतके माहिती दुर्मीळ होती आणि ती सांगणाऱ्याला मान होता. आज माहिती मुबलक आहे. तिच्यातले खरे कोणते, खोटे कोणते, कामाचे कोणते हे ओळखण्याची पारख मात्र पूर्वीइतकीच दुर्मीळ आहे. सुधारणा करायची ती या पारखेसाठी. पुढची बहुतेक उत्तरे याच मुद्द्याभोवती फिरतात.

विद्यापीठे बदलतच नाहीत, असे म्हणतात. ते कितपत खरे?

फारसे खरे नाही. मध्ययुगात इटलीतल्या बोलोन्यात विद्यार्थ्यांचा संघच विद्यापीठ चालवी. प्राध्यापक उशिरा आला किंवा अवघड परिच्छेद गाळून पुढे गेला, तर विद्यार्थी त्याला दंड करत. (आजच्या विद्यार्थी संघटनांनी हे वाचू नये.) १८१० मध्ये बर्लिनच्या विद्यापीठात विल्हेल्म फॉन हुम्बोल्ट यांच्या विचाराने अध्यापन आणि संशोधन एका छताखाली आले. आज आपण ‘खरे विद्यापीठ’ म्हणून जे चित्र डोळ्यांसमोर आणतो ते तिथले आहे. १८६२ मध्ये अमेरिकेने प्रांतांना जमिनी देऊन शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी महाविद्यालये काढायला लावली. तोवर या विषयांना बहुतेक विद्यापीठे दारात उभे करत नव्हती.

म्हणजे बदल झाले आणि मोठे झाले. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी: हे बदल बहुतेक वेळा नव्या संस्था काढून झाले. जुन्या संस्थांना आतून बदलायला लावणे फार कठीण जाते, आणि सध्याच्या बहुतेक सुधारणांचा रोख नेमका तिथेच आहे.

अचानक एवढे विद्यार्थी कुठून आले?

अचानक नाही. सन २००० मध्ये जगभरात उच्च शिक्षण घेणारे सुमारे १० कोटी होते, आता ते २६ कोटींच्या पुढे गेले आहेत. समाजशास्त्रज्ञ मार्टिन ट्रो यांनी १९७३ मध्येच सांगितले होते की त्या वयोगटातले १५ टक्क्यांपर्यंत तरुण शिकत असतात तेव्हा उच्च शिक्षण मूठभरांचे असते. १५ ते ५० टक्क्यांपर्यंत ते बहुजनांचे होते. आणि ५० टक्के ओलांडले की ते सार्वत्रिक होते. दक्षिण कोरियात २५ ते ३४ वयाच्या तरुणांपैकी ७० टक्क्यांच्या आसपास लोकांकडे उच्च शिक्षणाची पात्रता आहे. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत नोंदणीचे प्रमाण अजून १० टक्क्यांच्या आत आहे. भारताचे प्रमाण २०२१-२२ मध्ये २८.४ टक्के होते आणि २०३५ पर्यंत ५० टक्क्यांचे लक्ष्य आहे.

ट्रो यांचे म्हणणे आकड्यांपुरते नव्हते. टप्पा बदलला की अभ्यासक्रम, प्रवेश, शिक्षक-विद्यार्थी नाते, सगळेच बदलावे लागते, असा त्यांचा मुद्दा होता. प्रत्यक्षात होते असे, की मूठभरांसाठी आखलेली पद्धत तशीच ठेवून वर्गातली बाकडी तेवढी वाढवतात.

सुधारणा म्हटले की क्रेडिट, सेमिस्टर, पदवीची वर्षे हेच का समोर येते?

कारण ते परिपत्रक काढून बदलता येते.

क्रेडिटची, म्हणजे अभ्यास मोजायच्या एककाची, जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. १९०५ मध्ये उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांनी अमेरिकेतल्या महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी एक कोटी डॉलर दिले. आता पैसे कोणाला द्यायचे, म्हणजे ‘महाविद्यालय’ कशाला म्हणायचे, हा प्रश्न उभा राहिला. तेव्हा ठरले की प्रवेशासाठी शालेय अभ्यासाची ठरावीक एकके मागणारी संस्था ती महाविद्यालय, आणि एक एकक म्हणजे वर्षभरात साधारण १२० तास वर्गात बसणे. निवृत्तिवेतनाच्या पात्रतेसाठी शोधलेले माप पुढे शिक्षणाचेच माप होऊन बसले. किती शिकलात याऐवजी किती वेळ बसलात, हे मोजणे सोपे होते म्हणून ते टिकले. शंभरहून अधिक वर्षांनी आता कार्नेगींनीच स्थापलेली संस्था या मापाला पर्याय शोधण्याच्या मागे आहे.

युरोपात १९९९ च्या बोलोन्या जाहीरनाम्यावर २९ देशांनी सह्या केल्या. पदवी, पदव्युत्तर आणि पुढे डॉक्टरेट अशी सारखी रचना तिथे आली. एका वर्षाला ६० क्रेडिट आणि एका क्रेडिटला २५ ते ३० तासांचा अभ्यास असा हिशेब बसला. इथे निदान घरी बसून केलेला अभ्यासही धरला आहे, ही सुधारणाच म्हणायची. यातून विद्यार्थ्यांना एका देशातून दुसऱ्या देशात जाणे खूप सोपे झाले. वर्गात काय शिकवले जाते आणि परीक्षेत काय विचारले जाते, ते मात्र अनेक ठिकाणी जसे होते तसेच राहिले.

क्रेडिट वाईट आहे असे नाही. तो पारपत्रासारखा आहे. हद्द ओलांडायला लागतोच, पण प्रवासात काय पाहिले ते त्यात लिहिलेले नसते.

मध्येच शिक्षण सोडायचे, पुन्हा यायचे, ही सोय खरोखर उपयोगी पडते का?

पडू शकते. भारताच्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी अशा पायऱ्या आहेत, आणि मिळवलेली क्रेडिट्स साठवायला २०२१ पासून ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ आहे. कागदावर रचना नीट आहे. पण विद्यार्थी शिक्षण का सोडतो, हे आधी विचारले पाहिजे. आईवडील आजारी पडतात, फी थकते, लग्न ठरते, नोकरी मिळते. बाहेर पडायचे दार रुंद केल्याने यातले एकही कारण दूर होत नाही.

अमेरिकेतल्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठाने उलट बाजूने सुरुवात केली. चांगले गुण असलेले, पदवी अगदी हाताशी आलेले विद्यार्थी काहीशे डॉलर थकले म्हणून नावे कमी होऊन घरी जात आहेत, हे त्यांच्या नोंदींत दिसले. २०११ पासून अशांना अर्जाची वाट न पाहता छोटी मदत देऊन वर्गात टिकवायला सुरुवात झाली. सोबत सल्लागार वाढवले, आणि कोण कुठे अडखळतोय हे वेळीच दाखवणारी आकडेवारी त्यांच्या हाती दिली. २००३ मध्ये ३२ टक्के असलेले पदवी पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण पुढे ५० टक्क्यांच्या वर गेले. यात नवी पदवीरचना कुठेच नाही. कोणाचे नाव का कमी होतेय, एवढे कोणीतरी बसून पाहिले.

व्याख्यान देण्याची पद्धत आता बाद झाली का?

चांगले व्याख्यान बाद होणार नाही. साठ मिनिटे सलग बोलणे ही एकमेव पद्धत असणे मात्र बाद व्हायला हवे, आणि याला पुरावा आहे. विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या विषयांतील २२५ अभ्यास एकत्र करून स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवले, की नुसत्या व्याख्यानाच्या वर्गात नापास होण्याची शक्यता विद्यार्थ्यांना काही करायला लावणाऱ्या वर्गापेक्षा दीडपट असते. औषधाच्या चाचणीत इतका फरक दिसला असता तर चाचणी थांबवून सगळ्यांना ते औषध दिले असते.

तरी बदल का होत नाही? एक कारण २०१९ मध्ये हार्वर्डच्या भौतिकशास्त्राच्या वर्गांत सापडले. स्वतः झगडून शिकलेले विद्यार्थी चाचणीत जास्त गुण मिळवत होते, पण ‘तुम्ही किती शिकलात?’ असे विचारल्यावर व्याख्यान ऐकलेले विद्यार्थीच ‘खूप शिकलो’ म्हणत होते. ओघवते व्याख्यान ऐकताना सगळे समजल्यासारखे वाटते. आता शिक्षकाची बढती विद्यार्थ्यांच्या अभिप्रायावर ठरत असेल, तर तो कोणता मार्ग धरेल ते उघड आहे.

एआय सगळी उत्तरे लिहून देते. मग परीक्षा घ्यायची कशी?

हा प्रश्न नोव्हेंबर २०२२ पासून, म्हणजे चॅटजीपीटी आल्यापासून, सर्वांत जास्त विचारला जातो. त्याचे उत्तर दोन भागांत द्यावे लागेल.

पहिला भाग प्रश्नपत्रिकेचा. सांख्यिकीच्या पेपरात ‘प्रमाण विचलनाची व्याख्या लिहा व उपयोग सांगा’ असा प्रश्न वर्षानुवर्षे येतो. फोन त्याचे उत्तर काही सेकंदांत देतो. त्याऐवजी विद्यार्थ्यासमोर चाळीस रुग्णांच्या नोंदींचा तक्ता ठेवा. वयाच्या रकान्यात एका ठिकाणी ४१२ लिहिले आहे, दोन नोंदी तंतोतंत सारख्या आहेत, आणि वजनाच्या रकान्यात काही आकडे किलोत तर काही पौंडांत दिसतात. प्रश्न एवढाच: सरासरी काढण्याआधी काय काय कराल, कोणती नोंद ठेवाल, कोणती काढाल आणि का? ४१२ हे ४१ असेल की ४२, हे तक्त्यावरून कळणार नाही. ‘मूळ कागद पाहिल्याशिवाय मी हा आकडा दुरुस्त करणार नाही’ असे जो लिहितो, त्याला सांख्यिकी कळली आहे.

किंवा अर्थशास्त्रात ‘महागाईची कारणे सांगा’ या प्रश्नाऐवजी एआयने लिहिलेले दोन पानी उत्तर छापून द्या आणि सांगा, यात तीन विधाने चुकीची आहेत. ती शोधा आणि कशावरून चूक ते दाखवा. असे प्रश्नही उद्या एआय सोडवेल, हे खरे आहे. म्हणून दुसरा भाग.

दुसरा भाग तोंडीचा. विद्यार्थ्याने घरी काहीही वापरून निबंध लिहावा, पण मग समोर बसून त्यातल्या दोन ओळींचा बचाव करावा. दहा मिनिटांत कळते. आता हिशेब करू. वर्गात १२० विद्यार्थी असतील तर प्रत्येकी दहा मिनिटांचे २० तास झाले. एका शिक्षकाकडे असे चार वर्ग असतील तर ८० तास, म्हणजे दुसरे काहीही न करता पूर्ण दोन आठवडे. हा वेळ कोणत्याही वेळापत्रकात नाही. एआयच्या नावाने भरणाऱ्या परिषदांत धोरणे, नियमावल्या, नक्कल पकडणारी सॉफ्टवेअर यांवर भरपूर बोलले जाते, आणि या ८० तासांवर कोणी बोलत नाही. नक्कल पकडणारी ती सॉफ्टवेअर निष्पाप विद्यार्थ्यांनाही दोषी ठरवतात. त्यांच्या भरवशावर कोणाला शिक्षा करू नये.

जगातले उत्तम प्राध्यापक ऑनलाइन फुकट शिकवतात. मग महाविद्यालय हवेच कशाला?

२०११ मध्ये स्टॅनफर्डच्या सेबॅस्टियन थ्रुन आणि पीटर नॉर्विग यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यासक्रम ऑनलाइन खुला केला. दीड लाखाहून जास्त लोकांनी नावे घातली, पूर्ण केला वीसेक हजारांनी. एका वर्गाच्या मानाने तोही आकडा प्रचंड आहे. लगेच २०१२ मध्ये कोर्सेरा, एडएक्स ही अशा अभ्यासक्रमांची ऑनलाइन व्यासपीठे उभी राहिली. पन्नास वर्षांत जगात दहाच विद्यापीठे उरतील, असे भाकीतही खुद्द थ्रुन यांनी केले.

पुढे काय झाले? एमआयटी आणि हार्वर्डच्या अशा अभ्यासक्रमांत २०१७-१८ पर्यंत पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास आले. एडएक्स २०२१ मध्ये ८० कोटी डॉलरला विकले गेले, आणि ते विकत घेणाऱ्या कंपनीने २०२४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. ज्यांनी अभ्यासक्रम पूर्ण केले, त्यांतले बरेचसे आधीच पदवीधर होते. ज्याला शिकायचे कसे हे माहीत आहे, त्याला ही सोय म्हणजे पर्वणी. ज्याला ते अजून जमत नाही, त्याला शेजारी बसून ‘ही पायरी पुन्हा करून दाखव’ म्हणणारे कोणी तरी लागते.

पण मुक्त विद्यापीठे तर यशस्वी झाली?

झाली, कारण त्यांनी नुसते धडे पाठवले नाहीत. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीची स्थापना १९६९ ची, पहिले विद्यार्थी १९७१ चे. दूरचित्रवाणीवरचे तिचे कार्यक्रम सगळ्यांच्या लक्षात राहिले, पण खरा कणा होता तो प्रत्येक विद्यार्थ्याचा स्वाध्याय वाचून समासात शेरे लिहिणाऱ्या शिक्षकांचा. हाही शिक्षकाचा वेळच. तो लांबून दिला, इतकेच.

शिक्षण इतके महाग का होत जाते?

अर्थशास्त्रज्ञ विल्यम बॉमोल यांनी १९६० च्या दशकात याचे एक उत्तर दिले. कारखान्यात यंत्र आले की त्याच वेळेत दसपट माल निघतो. चार वादकांनी वाजवायची रचना मात्र आजही चार वादकांनाच, तितक्याच मिनिटांत वाजवावी लागते, आणि त्यांचे वेतन बाकीच्या समाजाबरोबर वाढत राहते. शिकवणेही तसेच. त्यात वसतिगृहे, प्रयोगशाळा आणि वाढता प्रशासकीय पसारा यांची भर.

हा खर्च टाळण्यासाठी सगळीकडे निघालेली पळवाट एकच: कायम शिक्षक नेमायचे नाहीत. अमेरिकेत आज दोन-तृतीयांश शिक्षक कायमपदाच्या वाटेबाहेर, कराराने काम करतात. आपल्याकडे त्याला तासिका तत्त्व म्हणतात. तासाला पैसे मिळतात ते वर्गात उभे राहण्याचे. उत्तरपत्रिका नीट वाचून शेरे लिहिण्याचे, अडलेल्या विद्यार्थ्याला तास संपल्यावर थांबवून घेण्याचे नाही. पुढच्या सत्रात आपण असू की नाही हेच माहीत नसलेल्या शिक्षकाकडून नवी परीक्षापद्धती उभी करण्याची अपेक्षा ठेवणे मला तरी अन्यायाचे वाटते.

मग फी कोणी भरायची, सरकारने की विद्यार्थ्याने?

दोन्ही टोके जगाने करून पाहिली आहेत. ऑस्ट्रेलियाने १९७४ मध्ये फी रद्द केली आणि १९८९ मध्ये वेगळ्या रूपात परत आणली: शिकताना काही भरायचे नाही, पुढे उत्पन्न एका मर्यादेच्या वर गेले की करासोबत थोडे थोडे फेडायचे, आणि उत्पन्न त्याच्या खाली राहिले तर हप्ता नाही. इंग्लंडमध्ये १९९८ साली वर्षाला १,००० पौंड असलेली फी २००६ मध्ये ३,००० आणि २०१२ मध्ये ९,००० पर्यंत गेली. जर्मनीतल्या काही राज्यांनी सत्राला ५०० युरोपर्यंत फी लावून पाहिली, लोकांनी विरोध केला, आणि २०१४ पर्यंत शेवटच्या राज्यानेही ती काढून टाकली. चिलीत २०११ ला विद्यार्थी रस्त्यावर उतरले. २०१६ पासून तिथे कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना मोफत शिक्षण सुरू झाले. अमेरिकेत शैक्षणिक कर्जाचा डोंगर दीड लाख कोटी डॉलरच्या वर आहे.

माझा कल ऑस्ट्रेलियन पद्धतीकडे आहे. घर गहाण ठेवून काढलेले कर्ज आणि कमावल्यावर द्यायचा वाटा यांत गरीब घरातल्या मुलीच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक असतो. अडचण अशी की ही पद्धत चालवायला बहुतेकांचे उत्पन्न करखात्याच्या नोंदीत असावे लागते. जिथे मोठा वर्ग रोखीत, नोंदीबाहेर कमावतो, तिथे ती जशीच्या तशी उचलता येत नाही.

क्रमवारीत वर असलेले विद्यापीठ चांगले शिकवते का?

क्रमवारीवरून ते कळत नाही. २००३ मध्ये सुरू झालेल्या शांघायच्या क्रमवारीत नोबेल किंवा फील्ड्स पदक मिळवणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना १० टक्के वजन आहे, तशा प्राध्यापकांना २० टक्के, आणि नेचर व सायन्स या नियतकालिकांतल्या शोधनिबंधांना २० टक्के. तुमच्या मुलाला पहिल्या वर्षी कलनशास्त्र कोण शिकवणार, हे या कशातच येत नाही. क्रमवारीसाठी संस्था काय काय करतात याच्या सुरस कथा सगळ्या देशांत आहेत. २०२३ मध्ये नेदरलँड्सच्या उट्रेख्त विद्यापीठाने एका प्रसिद्ध क्रमवारीला माहिती देणेच बंद केले. मोठे नाव असलेल्यांनीच आधी हे धाडस करावे, लहान संस्थांना ते परवडत नाही.

पदवी जाऊन छोटी प्रमाणपत्रे येतील का?

पदवीच्या जागी नाही, पदवीनंतर. चाळिशीत काम बदलावे लागलेल्या माणसाला पुन्हा तीन वर्षे देता येत नाहीत. सिंगापूरने २०१६ मध्ये २५ वर्षांवरील प्रत्येक नागरिकाला प्रशिक्षणासाठी ५०० सिंगापूर डॉलरची जमा दिली, आणि २०२४ मध्ये चाळिशी ओलांडलेल्यांसाठी त्यात ४,००० ची भर घातली. फ्रान्समध्ये प्रत्येक कामगाराच्या नावाने प्रशिक्षणाचे खाते असते. युरोपीय संघाने २०२२ मध्ये अशा छोट्या प्रमाणपत्रांवर काय काय नमूद असावे, हे ठरवून दिले. अठराव्या वर्षीच्या मुलाला मात्र पदवीऐवजी सहा तुकडे जोडून देणे धोक्याचे आहे. तुकडे जोडायला जो दृष्टिकोन लागतो, तोच त्याच्याकडे अजून तयार व्हायचा असतो.

कला आणि मानव्यविद्या यांचे काय?

वर दिलेला एआयचे उत्तर तपासायचा प्रश्न पुन्हा वाचा. मजकुरातली खोट ओळखणे, पुरावा मागणे, कोण कोणासाठी बोलतोय हे हेरणे, ही इतिहासाची आणि साहित्याची रोजची कामे आहेत. या शाखांनी आपले काम उगाच भारदस्त शब्दांत लपवले, ही त्यांची चूक.

उच्च शिक्षण मातृभाषेतून शक्य आहे का?

शक्य आहे, आणि झालेलेही आहे. जपानने मेइजी काळात (१८६८-१९१२) परदेशी प्राध्यापक आणले, त्यांच्याकडून शिकून घेतले, आणि टप्प्याटप्प्याने जपानी भाषेतून शिकवणारे आपले प्राध्यापक उभे केले. हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये उर्दू माध्यमातून सुरू झाले. त्याआधीच अनुवादाचे स्वतंत्र खाते स्थापून पाठ्यपुस्तके तयार करायला घेतली होती. आजच्या इस्रायलमधल्या हैफात उभ्या राहत असलेल्या तंत्रशिक्षण संस्थेत जर्मन की हिब्रू यावरून १९१३ साली शिक्षक-विद्यार्थ्यांनी बहिष्कार घातला आणि शेवटी हिब्रू आली.

या उदाहरणांत एक क्रम आहे: आधी पुस्तके, परिभाषा आणि शिक्षक, मग माध्यम. भारतात २०२१ पासून अभियांत्रिकीचे शिक्षण मराठीसह अनेक भाषांतून देण्याची परवानगी आहे. पहिल्या वर्षाचे पुस्तक अनुवादित होते. तिसऱ्या वर्षाच्या ऐच्छिक विषयाचे, ताज्या शोधनिबंधांचे आणि प्रयोगशाळेतल्या यंत्राच्या माहितीपुस्तिकेचे काय, हा खरा प्रश्न आहे. विद्यार्थ्याला दोन्ही भाषांत उत्तर लिहू देणे, इंग्रजी पारिभाषिक शब्द ठेवून समजावणे मराठीत करणे, असे मधले मार्ग अनेक शिक्षक आजही वर्गात वापरतात. नियमांनी ते उघडपणे मान्य केले तर बरेच काम होईल. यांत्रिक अनुवाद झपाट्याने सुधारतो आहे, त्याचाही मोठा उपयोग होणार आहे, फक्त छापण्याआधी विषय जाणणाऱ्याने तो वाचला पाहिजे.

आपली पदवी दुसऱ्या देशात चालेल का?

पूर्वीपेक्षा सोपे होत आहे. युनेस्कोच्या पुढाकाराने २०१९ मध्ये पदव्यांच्या मान्यतेचा जागतिक करार झाला, तो मार्च २०२३ पासून लागू आहे. वैद्यक, कायदा यांसारख्या व्यवसायांना मात्र त्या त्या देशाची परवाना परीक्षा चुकत नाही.

संशोधन सगळ्यांनी करायचे का?

नाही. बढतीसाठी प्रत्येकाला शोधनिबंध सक्तीचा केला की शोधनिबंध छापून देण्याचा धंदा उभा राहतो, आणि तो उभा राहिलेला आहे. उत्तम शिकवणाऱ्याला शिकवण्याबद्दल बढती मिळण्याची वाट हवी. नियतकालिकाच्या नावावरून संशोधकाचे मोल ठरवू नका, असे आवाहन २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जमलेल्या संपादकांनी केले. त्यावर हजारो संस्थांनी सह्या केल्या आणि त्यांतल्या कित्येकांचे बढतीचे अर्ज अजून तेच रकाने मागतात. शोधनिबंध वाचायला मिळणे हा वेगळा प्रश्न आहे. भारताने २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’मधून तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये खर्चून सुमारे १३,००० नियतकालिके सरकारी संस्थांना खुली केली, हे पाऊल चांगले आहे.

आमच्या महाविद्यालयाला उद्यापासून काही करायचे असेल तर सुरुवात कुठून करावी?

समित्या नेमू नका. आपल्या विभागाच्या गेल्या तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका टेबलावर पसरा आणि फोन ज्यांचे उत्तर अर्ध्या मिनिटात देतो त्या प्रश्नांपुढे खूण करा. एका दुपारचे काम आहे. खुणा झालेल्यांपैकी प्रत्येक पेपरातला एक प्रश्न बदला, सगळे एकदम नको. विद्यार्थी आणि पालक बिथरतात आणि मग पुढच्या वर्षी काहीच बदलू देत नाहीत. नव्या प्रश्नाचे दोन नमुने सत्राच्या सुरुवातीलाच वर्गात सोडवून दाखवा. ते तपासायला प्रत्येक उत्तरपत्रिकेला किती मिनिटे जास्त लागली, हे घड्याळ लावून टिपून ठेवा. ती मिनिटे विद्यार्थिसंख्येने गुणून कार्यभाराच्या तक्त्यात मागा, लेखी मागा, आणि तासिका तत्त्वावरच्या सहकाऱ्यांसाठी त्याचे मानधनही त्याच अर्जात मागा.